ध्यानाचा पहिला धडा : नवशिक्यांचे प्रश्न व त्यांचीं उत्तरें

‘ध्यान’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. आई मुलास म्हणते, “नीट ध्यान देऊन ऐक.” आजी म्हणते, “माझें बोलणें ध्यानांत ठेव.” एखादी गोष्ट ध्यानींमनीं नसतां घडते, आणि कोणी वेड्यावाकड्या वेषांत दारीं आला तर “काय हें ध्यान!” असें म्हणून आपण हंसतोंही. इतका हा शब्द रोजच्या वापरांतला असूनही, “चला, थोडा वेळ ध्यानास बसूं या,” असें कोणीं म्हटलें कीं आपण बुजतों. हें साधुसंतांचें, गुहेंतलें, आपल्या आवांक्याबाहेरचें काम आहे असें वाटूं लागतें.

वास्तविक आमच्या भागास तरी ही गोष्ट परकी वाटूं नये. तेरखेड्याजवळ उगम पावणारी तेरणा नदी पुढें तेर गांवावरून वाहत जाते. त्या तेरला संत गोरोबा काकांची समाधि आहे. आणि तेथील त्रिविक्रमाचें मंदिर मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें असें संशोधक मानतात. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत पार्श्वनाथाची मूर्ति ध्यानस्थ आहे. भूम तालुक्यांतील कुंथलगिरि हें जैनांचें सिद्धक्षेत्र असून तेथेंच १९५५ सालीं आचार्य शांतिसागर महाराजांनीं देह ठेविला. धाराशिव शहरांत ख्वाजा शम्सुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. आणि मिशनच्या शाळांतून दिवसाचा आरंभ प्रार्थनेनें होतो. एवढ्या लहान टापूंत इतक्या निरनिराळ्या मार्गांनीं माणसें शांत बसत आलीं आहेत. आतां तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २०२४ सालीं ठराव करून २१ डिसेंबर हा ‘जागतिक ध्यान दिन’ म्हणून ठरविला आहे.

विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्याकडून ह्या विषयावर जे प्रश्न वारंवार ऐकूं येतात, त्यांपैकीं आठ निवडून त्यांचीं उत्तरें येथें यथाशक्ति देत आहों. आम्ही कोणी सिद्ध पुरुष नव्हे. पहिल्या पायरीवर उभे राहणाऱ्यास जेवढें सांगणें अवश्य आहे, तेवढेंच सांगण्याचा आमचा हेतु आहे.

पहिला प्रश्न : ध्यान म्हणजे मनांतील सर्व विचार बंद करणें काय?

नाहीं. ही समजूत घेऊन जो बसतो तो दोन मिनिटांत निराश होऊन उठतो; कारण विचार हे हुकमानें थांबत नाहींत. पतंजलींच्या योगसूत्रांत योगाचीं आठ अंगें सांगितलीं आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधि. ह्यांत ध्यान सातवें आहे, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. त्याच्या आधीं धारणा आहे. धारणा म्हणजे चित्त एका ठिकाणीं बांधणें, आणि तें सुटलें कीं पुन्हां आणून बांधणें. हें बांधणें तुटेनासें होऊन चित्ताची एकसारखी धार लागली म्हणजे तिला ध्यान म्हणावयाचें. तेव्हां नवशिका ज्यास ध्यान म्हणतो तो वस्तुतः धारणेचा अभ्यास असतो, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. गुरुजी लहान मुलाच्या हातीं पाटी देतात ती अक्षर गिरविण्यासाठीं. निबंध लिहिण्यासाठीं नव्हे.

दुसरी गोष्ट अशी कीं, ह्या यादीच्या आरंभीं यम व नियम आहेत. अहिंसा, सत्य, चोरी न करणें इत्यादि यम. शौच, संतोष, स्वाध्याय इत्यादि नियम. खोटें बोलून किंवा भावंडाशीं भांडून तसेंच ध्यानास बसलें, तर मन त्याच गोष्टी उगाळीत राहणार. चांगलें वागणें हें ध्यानाचें फळ आहे, तसेंच तें त्याचें जोतेंही आहे.

दुसरा प्रश्न : पद्धति तर पुष्कळ आहेत, आम्ही कोणती धरावी?

पद्धतींचीं नांवें मोजूं गेल्यास संपणार नाहींत. परंतु नवशिक्यानें त्यांचे चार गट समजून घेतले म्हणजे पुरे.

पहिला गट नामाचा. वारकरी ‘रामकृष्णहरि’ ह्या मंत्राचा जप तुळशीच्या एकशें आठ मण्यांच्या माळेवर करितो. मुसलमान बांधव तसबीह हातीं घेऊन जिक्र करितात. पूर्वेकडील ख्रिस्ती मठांतून येशूचें नांव असलेली एक लहानशी प्रार्थना श्वासाबरोबर पुनःपुन्हां म्हणण्याची जुनी चाल आहे, आणि कॅथॉलिक घरांतून जपमाळ ओढली जाते. ह्या सर्वांत मनास धरावयास एक शब्द दिलेला असतो.

दुसरा गट श्वासाचा. येणारा व जाणारा श्वास आहे तसा पाहणें, ह्यास बौद्ध परंपरेंत ‘आनापान’ म्हणतात. ब्रह्मदेशांत सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकलेले श्री. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे १९६९ सालीं भारतांत आले, आणि इगतपुरीचें धम्मगिरि हें केंद्र १९७६ पासून चालूं झालें. तेथील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत पहिले तीन दिवस केवळ श्वासावर लक्ष ठेवावयाचें असतें; नंतर शरीरावरील संवेदना पाहण्यास शिकवितात. हीं शिबिरें मोठ्यांसाठीं आहेत. मुलांसाठीं आनापानाचे निराळे छोटे वर्ग असतात.

तिसरा गट मननाचा. एखादें वचन किंवा प्रसंग घेऊन त्यांत मन रमवावयाचें. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका १५४८ सालीं छापली गेली. शुभवर्तमानांतील प्रसंग जणूं आपल्या डोळ्यांपुढें घडत आहे, त्यांतील माणसें आपण पाहत आहों, त्यांचें बोलणें ऐकत आहों, अशी कल्पना करण्याची रीत तींत सांगितली आहे. सरोवरावर वादळ उठलें आहे, शिष्य घाबरले आहेत, आणि आपणही त्या होडींत एका बाजूस बसलों आहों, असें मनांत आणून पाहावें. म्हणजे ही रीत सहज कळेल.

चौथा गट आत्मपरीक्षणाचा व मैत्रीचा. जैन श्रावक सामायिक करितो तेव्हां दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें, सर्व प्राण्यांविषयीं समभाव ठेवून बसतो. बौद्धांच्या मैत्रीभावनेंत आपल्यापासून आरंभ करून जिवलग, परके व शेवटीं वैरी ह्यांचेंही कल्याण चिंतावयाचें असतें. दिवसाच्या शेवटीं ‘आज मी कोठें चुकलों, कोणाचें माझ्यावर उपकार झाले’ असें स्वतःस विचारणें हें ख्रिस्ती प्रार्थनाजीवनाचेंही एक अंग आहे.

आतां ह्यांपैकीं कोणती पद्धति श्रेष्ठ, हा वाद नवशिक्यानें करूं नये. ज्या मुलाच्या घरीं हरिपाठ होतो त्यास नाम जवळचें वाटेल. ज्यास शब्दांपेक्षां शांतता बरी वाटते त्यानें श्वास धरावा. ज्यास गोष्टी आवडतात त्यानें मनन करावें. मात्र एक घेतली म्हणजे निदान एक महिना तीच चालवावी. चार ठिकाणीं चार चार हात खणणाऱ्या शेतकऱ्यास पाणी लागत नाहीं.

तिसरा प्रश्न : बसलें कीं मन भटकतें. मग आमच्या हातून हें होणारच नाहीं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यास फार थोर सोबती मिळाला आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत श्रीकृष्णांनीं ध्यानयोग सांगितल्यावर अर्जुनानें हीच तक्रार केली कीं, मन अति चंचल आहे, त्यास आवरणें वाऱ्याची मोट बांधण्याइतकें कठीण आहे. श्रीकृष्णांनीं ती तक्रार खोटी ठरविली नाहीं. मन आवरण्यास कठीण आहे हें त्यांनीं मान्य केलें, आणि अभ्यास व वैराग्य ह्या दोन उपायांनीं तें वश होतें असें उत्तर दिलें. ज्ञानेश्वर महाराजांनीं १२९० सालीं, म्हणजे शके १२१२ मध्यें, नेवासें येथें ही गीता मराठींत सांगितली तेव्हां संस्कृत न जाणणाऱ्या शेतकऱ्या-कुणब्यांच्या घरींही अर्जुनाचा हा प्रश्न व त्याचें उत्तर पोंचलें.

तेव्हां मन भटकणें ही ध्यानांतील चूक नव्हे. ध्यानाचें काम तेथूनच सुरू होतें. असें समजा कीं, तुम्ही श्वासावर लक्ष ठेवून बसलां. तिसऱ्या श्वासास क्रिकेटचा सामना आठवला, चौथ्यास गणिताची चांचणी, पांचव्यास शेजारच्या मुलानें दिलेलें टोपणनांव. कांहीं वेळानें एकदम जाणवलें कीं, “अरे, मी तर श्वास सोडून भलतीकडे आलों!” हा जो जाणवण्याचा क्षण, तोच सर्वांत मोलाचा. त्या क्षणीं स्वतःवर न रागावतां, हळूच, पुन्हां श्वासावर या. दहा मिनिटांत असें पन्नास वेळां झालें तर पन्नास वेळां परत या. पन्नास वेळां परत येणाऱ्या मुलाचा अभ्यास पन्नास वेळां झाला, असें आम्ही म्हणूं.

गुराख्याकडे पाहा. वासरूं दुसऱ्याच्या जोंधळ्यांत शिरलें म्हणून तो त्यास मारून पाय मोडीत नाहीं, आणि “जाऊं दे” म्हणून सोडूनही देत नाहीं. जातो, कासरा धरतो, वळवून आणतो. मनास वळविण्याची रीतही हीच. ह्या लेखांतील बाकी सर्व विसरलें तरी चालेल. पण न रागावतां परत येणें, एवढें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. नाम, श्वास, मनन, मैत्री ह्या चारही वाटांवर नवशिक्याचें काम हेंच एक आहे.

चौथा प्रश्न : कसें, कोठें व किती वेळ बसावें?

सतरंजी किंवा घोंगडी अंथरून साधी मांडी घालावी. पद्मासन न जमल्यास हट्ट धरूं नये. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनीं खुर्चीवर बसावें. पाय जमिनीस टेकलेले असले म्हणजे झालें. पाठ सरळ असावी, पण ताठून ताणलेली नसावी. हात मांडीवर सैल सोडावे. डोळे मिटावे, झोंप येऊं लागल्यास ते अर्धवट उघडून समोर चार हातांवर जमिनीकडे दृष्टि ठेवावी. पोट अगदीं भरलेलें नसावें व अगदीं रिकामेंही नसावें.

लहान मुलांस पांच मिनिटें व मोठ्या विद्यार्थ्यांस दहा मिनिटें आरंभीं पुरेत. एके दिवशीं उत्साहानें तासभर बसून पुढें आठवडाभर न बसण्यापेक्षां रोज पांच मिनिटें बसणें केव्हांही चांगलें. वेळ ठरलेली असावी : सकाळीं तोंड धुतल्यावर अभ्यासास बसण्यापूर्वीं, किंवा रात्रीं अंथरुणावर पडण्यापूर्वीं. ज्या घरांत एकच खोली आहे तेथें स्वतंत्र जागा कोठून आणावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें सांगणें असें कीं, जागेचा अट्टाहास नको. देवघराचा कोपरा, ओसरी, अंगणांतील झाडाखालची जागा, कोणतीही चालेल. भांड्यांचा आवाज येईल, कुत्रें भुंकेल, रस्त्यावरून मालमोटार जाईल. आवाज ऐकूं आला हें ओळखावें व परत यावें. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलींत किंवा निदान हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावा. कारण तो वाजला नाहीं तरी ‘आतां वाजेल’ ही अपेक्षाच मनास ओढीत राहते.

अगदीं पहिल्या दिवसासाठीं एक सोपा पाठ देतों. प्रत्येक श्वास बाहेर सोडतांना मनांत एक आंकडा म्हणावा : एक, दोन, तीन, असें दहापर्यंत. दहा झाल्यावर पुन्हां एकपासून. मध्येंच आंकडा विसरला, किंवा मोजणी दहाच्या पुढें धांवत गेली, तर शांतपणें एकवर यावें. श्वास मुद्दाम दीर्घ करूं नये, कोंडूनही धरूं नये. जसा येतो तसा येऊं द्यावा.

पांचवा प्रश्न : ध्यान म्हणजे देहभान हरपून जाणें काय?

ह्या प्रश्नाच्या मागें आमच्या मुलांना ठाऊक असलेली तेरची कथा उभी असते. गोरोबा काका विठ्ठलाच्या भजनांत रंगून माती तुडवीत असतां त्यांचें तान्हें मूल रांगत येऊन पायांखालीं सांपडलें, आणि पुढें विठ्ठलकृपेनें तें मूल मातापित्यांस परत मिळालें, अशी ती कथा. भाविक ती श्रद्धेनें सांगतात, व ऐकतांना डोळ्यांत पाणी येतें. परंतु ज्यानें अजून दहा श्वास मोजले नाहींत अशा मुलानें तींतून बेभान होण्याचा धडा घेऊं नये. संतांच्या भक्तीची अवस्था ही आयुष्यभराच्या साधनेनें आलेली असते. आणि ती कथा सांगणारे लोकही त्या मुलासाठीं हळहळतातच, हें विसरूं नये.

नवशिक्याचें ध्यान जागें असलें पाहिजे. आमच्या तेरखेड्याचें नांव शोभेच्या दारूच्या व फटाक्यांच्या कारखान्यांमुळें सर्वत्र झालें आहे. त्या कामांत हात किती, डबा कोठें, शेजारीं कोण, ह्याचें भान क्षणभरही सुटून चालत नाहीं. अशा कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावल्याच्या दुःखद घटना ह्या भागास अपरिचित नाहींत. ज्यांच्या घरचीं माणसें तेथें राबतात त्या मुलांस ‘लक्ष’ ह्या शब्दाची किंमत निराळी सांगावयास नको. अर्थात् यंत्रांत, दारूंत किंवा इमारतींत दोष असेल तर तो कामगाराच्या एकाग्रतेनें भरून निघत नाहीं. सुरक्षिततेचे नियम पाळणें हें मालकांचें कर्तव्य आहे. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, ध्यान हें हातांतील काम विसरावयास लावणारें नसून तें नीट दिसूं लागण्यास मदत करणारें असावें. म्हणून रस्ता ओलांडतांना, सायकलवर असतांना, विहिरीच्या कांठीं किंवा चुलीपाशीं डोळे मिटून जप करूं नये. तेथें पाहणें हाच जप.

सहावा प्रश्न : हें केल्यानें आमच्या धर्मास बाध येईल काय?

हा प्रश्न पालकांचा आहे, आणि तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. मिशनच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. कोणास वाटतें कीं, डोळे मिटवून मुलांस ख्रिस्ती प्रार्थना शिकवितात. तर ख्रिस्ती आईबापांस उलट वाटतें कीं, योग व विपश्यना ह्यांच्या नांवाखालीं मूल आपल्या विश्वासापासून दूर जाईल. दोन्ही काळज्या मुलावरील मायेंतून आलेल्या असल्यामुळें त्यांस हंसण्याचें कारण नाहीं.

ह्याविषयीं कायदा स्पष्ट आहे. भारताच्या संविधानाच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणासही त्याच्या संमतीवांचून, व तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस बसण्याची सक्ति करितां येत नाहीं. म्हणून ध्यानाचा तास ठेवतांना शाळेनें तो काय आहे हें आधीं सांगावें, पालकांस विचारावें, आणि ज्यास बसावयाचें नसेल त्यास त्या वेळीं स्वस्थपणें पुस्तक वाचूं द्यावें. त्यास कोणीं टोमणा मारूं नये.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. श्वास मोजणें ही कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाहीं. श्वास सर्वांचाच आहे. परंतु मंत्र, नाम, मूर्ति, शास्त्रवचन हीं त्या त्या श्रद्धेचीं आहेत, आणि त्यांस केवळ ‘तंत्र’ म्हणून उचलणें हें त्या श्रद्धेचाही मान राखणें नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ख्रिस्ती झाले तरी त्यांनीं अभंग व भजन सोडलें नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें ते म्हणत. मुंबईस १९३१ सालीं जन्मलेले येशूसंघी पाद्री अँथनी डिमेलो यांनीं ‘साधना’ ह्या १९७८ सालच्या पुस्तकांत पूर्वेकडील ध्यानाचे प्रकार ख्रिस्ती प्रार्थनेशीं जोडून दाखविले, आणि तें पुस्तक देशोदेशीं वाचलें गेलें; पण त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनीं, १९९८ सालीं, रोमच्या धर्मपीठानें त्यांच्या कांहीं मतांविषयीं सावधगिरीची सूचना काढली. ह्यावरून दिसेल कीं, विचारी माणसांतही ह्या बाबतींत मतभेद आहेत. मुलांसाठीं आमचा सल्ला असा कीं, आपल्या घरच्या परंपरेंत जी शांत बसण्याची वाट आहे तीपासूनच आरंभ करावा. ती प्रत्येक घरीं आहे. बहुधा ती आजीलाच ठाऊक असते.

सातवा प्रश्न : ध्यानानें परीक्षेंत गुण वाढतात काय?

पालकांस हें उत्तर कदाचित् रुचणार नाहीं. पण खरें तें सांगितलें पाहिजे. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हें उपकरणांनीं मोजण्याचें काम आपल्या महाराष्ट्रांतच फार लवकर सुरू झालें : स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक काढलें. त्यानंतर जगांत पुष्कळ प्रयोग झाले. २०१४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ४७ चांचण्यांचा, म्हणजे एकूण ३,५१५ माणसांवरील प्रयोगांचा, एकत्र विचार केला. चिंता, खिन्नता व वेदना ह्यांत ध्यानानें कांहीं प्रमाणांत उतार पडतो असें त्यांस आढळलें. परंतु लक्ष वाढतें किंवा झोंप सुधारते ह्यास पुरेसा पुरावा त्यांस मिळाला नाहीं, आणि व्यायामासारख्या इतर उपायांहून ध्यान सरस आहे असेंही दिसलें नाहीं.

शाळेपुरता याहून जवळचा प्रयोग इंग्लंडकडे झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. आठ हजारांहून अधिक मुलांपैकीं कांहींस शाळेंत सजगतेचे पाठ दिले, व कांहींस नेहमींचेंच शिक्षण दिलें. दोहोंत मुलांच्या मानसिक स्वास्थ्यांत फरक दिसला नाहीं. ज्यांस आधींच मानसिक त्रासाचा धोका होता अशा मुलांच्या बाबतींत तर हे पाठ हितकर ठरलेच असें नाहीं. पाठ घेतलेल्या बहुतेक मुलांनीं घरीं सराव केला नव्हता, हेंही त्या संशोधकांनीं नमूद केलें आहे.

ह्यावरून ध्यान व्यर्थ आहे असें ठरत नाहीं. तथापि दोन गोष्टी ठरतात. एक, सर्व वर्गास एकदम बसवून, गुणांचें आमिष दाखवून, हें रुजत नाहीं. ज्याला आंतून हवेंसें वाटतें त्यालाच तें मानवतें. दुसरी, गुणांसाठीं अभ्यासच केला पाहिजे. परीक्षेच्या दिवशीं पेपर हातीं येण्यापूर्वीं दहा श्वास मोजणाऱ्या मुलास कदाचित् आठवलेलें नीट लिहितां येईल. पण जें वाचलेंच नाहीं तें कोणत्याही ध्यानानें आठवणार नाहीं.

आठवा प्रश्न : शांत बसलें कीं भीति वाटते, रडूं येतें. मग काय करावें?

हा प्रश्न फार थोडीं मुलें मोठ्यानें विचारतात, म्हणून आम्हीं तो मुद्दाम शेवटास ठेविला आहे. दिवसभराच्या गडबडींत दडलेलें दुःख शांततेंत वर येतें. ज्या घरांत पाऊस न पडल्यामुळें किंवा कर्जामुळें वडील रात्ररात्र जागे असतात, ज्या घरांतून नुकतेंच कोणी देवाघरीं गेलें आहे, त्या घरच्या मुलास डोळे मिटल्यावर तेंच दिसणार. थोडेंसें रडूं आलें तर येऊं द्यावें; त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु भीति वाढत गेली, छाती धडधडूं लागली, तर डोळे उघडावे, उठावें, पाणी प्यावें, अंगणांत चार फेऱ्या माराव्या, आणि आपल्या विश्वासाच्या मोठ्या माणसापाशीं जाऊन बोलावें. उठणें म्हणजे हार नव्हे.

येथें पालकांस व आम्हां शिक्षकांसही एक सूचना अवश्य आहे. मूल उदास आहे, जेवत नाहीं, झोंपत नाहीं, जीव नकोसा झाल्याचें बोलतें, अशा वेळीं “ध्यान कर म्हणजे बरें वाटेल” असें सांगून मोकळें होऊं नये. ताप आलेल्या मुलास आपण दवाखान्यांत नेतों, तसेंच येथेंही डॉक्टरांकडे न्यावें. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनि सेवा २०२२ पासून चालूं आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्रीं केव्हांही बोलतां येतें. त्याचप्रमाणें, ज्या मुलाची तक्रार खरी आहे, कोणी त्यास मारतें, छळतें किंवा चिडवितें, त्यास डोळे मिटून गप्प बसवूं नये. त्याची तक्रार आधीं ऐकावी. ऐकून घेणें हेंही आपल्या मराठींत ‘ध्यान देणें’च आहे.

शेवटीं, आपलें ध्यान बरोबर चाललें आहे हें ओळखावें कसें, असें कोणी विचारील. डोळ्यांपुढें प्रकाश दिसला, कानांत नाद आला, ह्या खुणा नवशिक्यानें शोधूं नयेत. धाकट्या भावानें वही फाडली तेव्हां उगारलेला हात मध्येंच थांबला काय? आईनें दिलेली हांक पहिल्याच वेळीं ऐकूं आली काय? उत्तर चुकल्यावर वही फेंकून न देतां पुन्हां पहिल्या ओळीवर येतां आलें काय? ह्या खुणा साध्या आहेत, पण त्या फसवीत नाहींत. जो मुलगा श्वासावर शंभर वेळां न रागावतां परत आला, त्यास माणसांकडेही न रागावतां परत येणें थोडें सोपें जातें, असें आम्हांस वाटतें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलास “जा, ध्यानास बैस” असें सांगण्यापेक्षां स्वतः त्याच्या शेजारीं पांच मिनिटें बसावें. नंतर त्यास कांहीं विचारूं नये. तें आपण होऊन बोललें तर ऐकावें. ह्या वर्षीं आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं अशीं पांच मिनिटें रोज यावींत, अशी इच्छा प्रकट करून हा लेख येथें पुरा करितों.